पाण्याची पेटी बांधणारी झान

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या धाकट्याने घर डोक्यावर घेतलं होतं. त्याला माशांसाठी टाकी हवी होती. तीही दुकानातली नाही, स्वतः बांधलेली आणि चांगली ६ फूट लांब! एवढी मोठी टाकी सगळी काचेची करायची म्हणजे खर्च फार. मग त्यानेच शोधून काढलं की तळ आणि तीन बाजू प्लायवूडच्या करायच्या, काच फक्त समोर. हिंजवडी शेजारी असल्यामुळे आमच्या माणमध्ये घरोघर फर्निचरची कामं चालूच असतात. ओळखीच्या सुतारकाकांनी १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय स्वस्तात दिला आणि काम सुरू झालं.

टाकी वरच्या खोलीत ठेवायची म्हटल्यावर सासूबाईंनी साफ नाही म्हणून सांगितलं. त्यांचं बरोबरच होतं. ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच म्हणजे २४ घनफूट. त्यात जवळजवळ ६८० लिटर पाणी मावतं, म्हणजे ६८० किलो वजन नुसतं पाण्याचंच! शेवटी ओसरीवर खाली जागा मिळाली. आतून इपॉक्सीचे थर, कोपऱ्यांत फायबरची जाळी, काचेला सिलिकॉन, सगळं रीतसर केलं. पण शेवटचा थर पुरता वाळू न देता पाणी भरलं आणि तिसऱ्या रात्री एका कोपऱ्यातून गळती लागली. ओसरीवरचं तांदळाचं पोतं भिजलं. पोरगा रडायचाच बाकी राहिला.

मी गावात मुलींचा शिवणवर्ग घेते. दर शनिवारी मशीन बंद केल्यावर एखाद्या कर्तबगार बाईची गोष्ट सांगायची असा आमचा नेम आहे. त्या आठवड्यात घरात टाकीशिवाय दुसरा विषयच नव्हता, म्हणून मत्स्यालय मुळात कुणी शोधलं ते वाचायला घेतलं. बघते तर काय, शिवणकाम करून पोट भरणारी एक बाई निघाली!

तिचं नाव झान व्हिलप्रो. १७९४ साली फ्रान्समधल्या झुइयाक नावाच्या खेड्यात ती जन्मली. तेव्हा आपल्या अहिल्याबाई होळकर हयात होत्या. घर साधं, शिक्षण जेमतेम. अठराव्या वर्षी शिवणकामाची नोकरी करायला ती पॅरिसला निघाली आणि ते ४०० किलोमीटरहून जास्त अंतर तिने पायी तोडलं. सोबतीला दिलेल्या नातेवाइकानेच वाटेत तिला त्रास दिला, तिला पोलिसांकडे आसरा घ्यावा लागला, असं सांगतात. या भानगडीत उशीर झाला आणि पॅरिसला पोचेपर्यंत ठरलेली नोकरी दुसरीला मिळाली होती. आपल्याकडची कुणी असती तर मागे फिरली असती, निदान मी तरी फिरले असते. झानने दुसऱ्या एका दुकानात काम धरलं. हात इतका चांगला की १८१६ मध्ये राजघराण्यात लग्न होऊन येणाऱ्या राजकन्या कॅरोलाइनच्या लग्नाच्या पोशाखाचं काम तिच्याकडे आलं.

पुढे जेम्स पॉवर या इंग्रज व्यापाऱ्याशी ओळख झाली आणि १८१८ मध्ये, आपल्याकडे पेशवाई बुडाली त्याच साली, सिसिली बेटावरच्या मेसिना बंदरात दोघांचं लग्न झालं. पैशाची विवंचना संपली. आता बसून खाल्लं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण झानने पुस्तकं मिळवून स्वतःच अभ्यास सुरू केला. बेटभर हिंडून दगड, शंख, फुलपाखरं, जुने अवशेष गोळा केले, त्यांच्या नोंदी ठेवल्या.

तिचं खरं मन रमलं ते समुद्रात. तिथे आर्गोनॉट नावाचा ऑक्टोपसचा एक प्रकार मिळतो. आपल्या हिंदी महासागरातही त्याचे भाऊबंद आहेत. त्याची मादी कागदासारख्या पातळ, पांढऱ्या शंखात राहते. अ‍ॅरिस्टॉटलच्या काळापासून लोक मानत आले होते की हा प्राणी दोन रुंद हात शिडासारखे उभारून पाण्यावर तरंगतो. हा शंख त्याचा स्वतःचा, की दुसऱ्याचा पळवलेला, यावर तर मोठमोठ्या विद्वानांचे वाद चालत. मेलेला प्राणी बाटलीत घालून नुसता पाहिला तर याचं उत्तर मिळणार कसं? तो जिवंत हवा, डोळ्यांसमोर हवा आणि बरेच दिवस हवा.

म्हणून १८३२ मध्ये झानने पेट्या करवून घेतल्या. (सावित्रीबाई तेव्हा जेमतेम वर्षाच्या होत्या.) एक काचेची, घरात ठेवायची. दुसरीही काचेचीच, पण पिंजऱ्यात बसवलेली; ती समुद्रात सोडता येई आणि पाहायला वर काढता येई. तिसरा मोठा लाकडी पिंजरा नांगर टाकून किनाऱ्याजवळ उभा केलेला. पाणी त्यातून खेळतं राही आणि प्राणी मात्र आतच राहत. ती रोज त्यांना खाऊ घाली, तासन् तास बघत बसे आणि दिसेल ते लिहून ठेवी.

मग तिने एक युक्ती केली. शंखाचा छोटा तुकडा मोडला आणि वाट पाहत बसली. तेच दोन रुंद हात मादीने मोडलेल्या जागेवर पसरले आणि त्यातून पाझरणाऱ्या द्रवाने भोक बुजत गेलं! अंड्यातून निघालेलं पिल्लू बिनशंखाचं असतं आणि शंख मागाहून तयार होतो, हेही तिने पाहिलं. म्हणजे ती शिडं नव्हतीच, शंख बांधायची हत्यारं होती. फाटलेल्या कापडाला ठिगळ लावणाऱ्या बाईला हे सुचावं यात मला काही नवल वाटत नाही.

१८३४ मध्ये कातानियाच्या विद्वत्सभेपुढे हे काम मांडलं गेलं. सगळ्यांनी मान डोलावली असं मात्र झालं नाही. श्रेयावरून वाद झाले, शंका काढणारे होतेच. लंडनचे रिचर्ड ओवेन तिच्या बाजूने उभे राहिले तेव्हा कुठे १८३९ च्या सुमारास पारडं फिरलं. बाईमाणसाला दारात उभं न करणाऱ्या काळात डझनाहून जास्त संस्थांनी तिला सभासद करून घेतलं. मासे कमी झालेल्या नद्यांत पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं सोडावीत, असंही तिने सुचवलं होतं. आज आपल्या धरणांमध्ये पिंजऱ्यातली मत्स्यशेती दिसते, ती पाहताना मला तिची आठवण येते.

पण १८३८ मध्ये फार मोठा घाव बसला. तिचा संग्रह, चित्रं, कागदपत्रं घेऊन लंडनला निघालेलं जहाज बुडालं. वीस वर्षांची जमवाजमव समुद्राच्या तळाला गेली. ज्या समुद्राने दिलं त्यानेच नेलं म्हणायचं! १८४२ मध्ये तिचं सिसिलीवरचं माहितीपर पुस्तक निघालं, पुढच्या वर्षी पॉवर दांपत्याने ते बेट सोडलं, आणि समुद्रावर बसून केलेलं तसं संशोधन तिच्या हातून पुन्हा झालं नाही. मत्स्यालयाचं नाव मग इंग्लंडच्या फिलिप गॉस यांच्याशी जोडलं गेलं, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, आणि झान मागे पडली. १८७० मध्ये जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा घातला तेव्हा सत्तरी ओलांडलेली झान शहर सोडून जन्मगावी झुइयाकला गेली आणि १८७१ च्या जानेवारीत तिथेच वारली. १९९७ मध्ये शुक्र ग्रहावरच्या एका विवराला तिचं नाव दिलं गेलं.

ही गोष्ट ऐकताना वर्गातली एकही मुलगी उठली नाही. दहावीनंतर शाळा सुटलेली एक जण सारखी विचारत राहिली, की झानला शास्त्र शिकवलं कुणी? कुणीच नाही म्हटल्यावर ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या घरी हजर! आम्ही टाकी रिकामी करून, गळका कोपरा घासून नव्याने थर दिले होते आणि या वेळी आठवडाभर हातही लावायचा नाही असं ठरवलं होतं. शिवणाची टेप काढून तिने टाकीची मापं वहीत उतरवली आणि धाकट्याला विचारलं, काच समोरच का, वर का नाही?