गायनशाळेचे दार उघडणारे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर

उज्जयिनीतील ज्या गल्लीत आम्ही राहतो, तेथे एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर रोज सायंकाळी नृत्याचा वर्ग भरतो. शाळेच्या वह्या तपासावयास बसलो म्हणजे घुंगरांचा नाद आमच्या खिडकीतून आत येतो व वह्या मागे राहतात. एके दिवशी न राहवून आम्ही तेथे जाऊन बसलो. सात-आठ वर्षांच्या मुली, त्यांना पोहोचवावयास येता येता स्वतःच शिकू लागलेल्या त्यांच्या आया, कचेरीतून परस्पर आलेले एक प्रौढ गृहस्थ, आणि पायाने अधू असलेला एक मुलगा, असा तो मेळा होता. त्या मुलास तत्कार करता येत नाही. म्हणून तो हाताने ताल धरून तोडे-तुकड्यांची पढंत करतो, आणि त्याच्या पढंतीवर बाकीचे नाचतात. कोणी कोणाची जात विचारीत नाही, वय विचारीत नाही. ज्यास शुल्क देणे जमते तो देतो. जमत नाही त्याचेही अडत नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस यात काही नवल वाटणार नाही. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी गाणे किंवा नाचणे शिकावयाचे तर एक तर त्या घराण्यात जन्म घ्यावा लागे, किंवा गुरूच्या घरी पाणी भरून वर्षानुवर्षे त्याची कृपा होण्याची वाट पाहावी लागे. सभ्य म्हणविणाऱ्या घरातील मुलाने तंबोरा हाती घेतला तर बापाची मान खाली जाई. मुलीचे तर नावच नको. ही कोंडी फोडण्यासाठी ज्यांनी आपले सारे आयुष्य, आणि जवळ नसलेला पैसाही, खर्ची घातला, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहो. पंडितजींनी नृत्य शिकविले नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्याविषयी पुढे बोलावयाचे आहेच.

विष्णुबुवांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कृष्णा-पंचगंगेच्या परिसरातील कुरुंदवाड या लहानशा संस्थानी गावी झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. कुळाचे मूळ आडनाव गाडगीळ; पलूस या गावावरून पलुस्कर झाले. कीर्तनकाराच्या घरी झांजा, मृदंग व अभंग यांची वाण नसते; तेव्हा सूर कानावर पडतच होता. परंतु मुलाने शिकून चार अक्षरी विद्येवर पोट भरावे हीच घरची अपेक्षा होती, आणि कदाचित तसेच घडलेही असते. जवळच नरसोबाच्या वाडीस दत्तजयंतीचा मोठा उत्सव भरतो. त्या उत्सवात दारूकाम चालले असता एक फटाका या मुलाच्या तोंडाजवळ फुटला व दोन्ही डोळ्यांस इजा झाली. मिरजेस उपचार झाले. दृष्टी पूर्णपणे गेली नाही, पण पुस्तकातील बारीक अक्षर वाचण्याची आशा संपली. ती दृष्टी जन्मभर अधूच राहिली. शाळा सुटली. आता या मुलाने करावे काय? गळा चांगला आहे, गाणे शिकवा, असा सल्ला मिळाला. आणि मिरज संस्थानच्या आश्रयाने तो गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या हाती सोपविला गेला.

येथे आम्हां उज्जयिनीकरांस थोडे थांबावयास हवे. शिंद्यांची राजधानी प्रथम आमच्या या क्षिप्रातीरी होती. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ती ग्वाल्हेरीस नेली, आणि पुढे त्याच दरबारात हद्दू खाँ व हस्सू खाँ या बंधूंच्या गळ्यातून ख्यालगायकीचे ग्वाल्हेर घराणे बहरास आले. त्या परंपरेतील विद्या वासुदेवबुवा जोशी यांस मिळाली, आणि त्यांच्यापासून ती बाळकृष्णबुवांनी अपार कष्टाने मिळवून महाराष्ट्रात आणली. म्हणजे मुसलमान उस्तादांची विद्या, मराठी राजाचा आश्रय आणि दक्षिणेतून पायपीट करीत गेलेले ब्राह्मण शिष्य, अशा तीन हातांनी हे गाणे मिरजेस पोहोचले होते. पंडितजींच्या पुढील कार्याकडे पाहताना ही गोष्ट विसरू नये.

मिरजेस जवळजवळ बारा वर्षे विष्णुबुवांनी विद्या केली. पहाटे उठून मेहनत करावी, गुरुगृहीची कामे करावी, आणि बुवांच्या मनात येईल तेव्हा व येईल तेवढे शिकावे, अशी ती रीत होती. विद्या उत्तम मिळाली. परंतु शिकविण्याचा क्रम काय, एक राग किती दिवसांत यावा, शिष्यास आज किती आले व उद्या काय यावयाचे, यांचा काही हिशेब नाही. ज्यास पुढे शाळा काढावयाची होती त्याच्या मनात ही उणीव तेव्हाच सलली असावी असे आम्हांस वाटते.

दुसरी एक गोष्ट त्याहून अधिक सलली. मिरजेत एक समारंभ होता. गावातील प्रतिष्ठित मंडळींस निमंत्रणे गेली, संस्थानिकांच्या मर्जीतले म्हणून तरुण विष्णुबुवांसही निमंत्रण आले. पण त्यांच्या गुरूंस, ज्यांच्यापुढे महाराष्ट्रातील गवई कान धरीत, त्यांस आले नाही. चौकशी करता कळले की ते गवईच तर आहेत, त्यांस कशास बोलवावयाचे. राजाश्रयात गवयास अन्न मिळते, शालजोडीही मिळते, परंतु पंक्तीस पाट मिळत नाही, हे त्या दिवशी त्यांस उमगले असे चरित्रकार सांगतात. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली.

मग सुरू झाली भ्रमंती. बडोदे झाले, काठेवाड झाला. काठेवाडात त्यांनी एक धाडस केले: राजवाड्यातील मैफलीवर न विसंबता तिकीट लावून जाहीर जलसा केला. चार आणे देऊन येणारा व्यापारी व शाळामास्तर हाही गाण्याचा आश्रयदाता होऊ शकतो, ही कल्पना आज साधी वाटते. त्या काळी गवयांसच ती चमत्कारिक वाटली असेल. गिरनार येथे एका साधुपुरुषाने त्यांस उत्तरेकडे जाण्यास सांगितले, अशी आख्यायिका आहे. ग्वाल्हेर पाहिली, मथुरेस राहून ब्रजभाषेचा अभ्यास केला व ध्रुपदे मिळविली, आणि दिल्ली, जालंदर, अमृतसर करीत ते लाहोरास पोहोचले.

5 मे 1901 रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन झाले.

गायनशाळा ही हिंदुस्थानात अगदीच नवी वस्तू होती असे मात्र कोणी समजू नये. पुण्यास गायन समाज 1874 पासून होता. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा 1886 मध्ये निघाली होती. पंडितजींची शाळा निराळी होती ती यासाठी, की तिच्या पाठीशी एकही सिंहासन नव्हते. ती शुल्कावर, वर्गणीवर व प्रमुखांच्या जलशांच्या उत्पन्नावर चालावयाची होती. आपल्या मुलखापासून शेकडो कोस दूर, भाषा परकी, डोळे अधू, अशा तिशीही न गाठलेल्या माणसाने ती काढली. सांगतात की आरंभी कित्येक दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही. पंडितजी ठरल्या वेळी वर्गात येत, तंबोरा लावीत, वेळ संपेपर्यंत एकटेच गात बसत आणि वेळ संपली की कुलूप लावून जात. आम्हीही शिक्षकच आहो. रिकाम्या वर्गात तासाची घंटा होईपर्यंत बसून राहणे किती कठीण असते हे आम्ही जाणतो. हळूहळू मुले आली, मग त्यांचे पालक आले.

शाळा म्हटली की पाठ्यपुस्तक हवे, इयत्ता हव्या, परीक्षा हवी. पंडितजींनी स्वरलिपी सिद्ध केली, संगीत बालप्रकाश यासारखी क्रमिक पुस्तके लिहिली, 1905 पासून संगीतामृतप्रवाह हे मासिक चालविले, आणि हे सर्व छापावयास स्वतःचा छापखानाही घातला. ज्या मुलाच्या डोळ्यांनी छापील अक्षराशी वैर धरले, त्याने गाणे छापील अक्षरात आणले! जुन्या गवयांस हे रुचले नाही. विद्या अशी कागदावर मांडली तर तिचे मोल काय राहिले, असा त्यांचा आक्षेप. आणि कागदावरून गाणे येत नाही हे त्यांचे म्हणणे खोटेही नव्हते. पण पंडितजींच्या शाळेतून निघणारा प्रत्येक जण गवई व्हावा अशी अपेक्षाच नव्हती. दुकानदाराच्या मुलास चार राग ओळखता यावेत, घरातील स्त्रीस भजन सुरात म्हणता यावे, ही त्या कागदांची धाव होती. स्त्रियांसाठी स्वतंत्र वर्ग होते, स्वतंत्र पुस्तकेही होती. पंजाबातील पडदा मनात आणला म्हणजे त्या वर्गांचे मोल कळते.

ज्यांस जन्मभर हेच करावयाचे होते त्यांच्यासाठी उपदेशक वर्ग असे. नऊ वर्षे राहावयाचे, अन्न-वस्त्र व विद्या शाळेची, आणि पुढे शाळेचे काम करावयाचे, असा करार. या वर्गाने कोणास जवळ केले याचे एकच उदाहरण पुरे आहे. ओंकारनाथ ठाकूर हा गुजराथेतील अत्यंत दरिद्री मुलगा. लोकांच्या घरी राबलेला, गिरणीत काम केलेला, रामलीलेत सोंगे घेतलेला. तो या शाळेत आला आणि वयाच्या विशीत लाहोरच्या शाळेचा प्रमुख झाला. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर, ना. मो. खरे ही नावे तुम्ही ऐकली असतील. ती याच मुशीतली. यांपैकी खरेशास्त्री महात्माजींच्या साबरमती आश्रमात गेले, तेथील भजनावली त्यांनी सिद्ध केली, आणि 1930 च्या दांडीयात्रेत ते चालत गेले.

1908 मध्ये मुंबईस शाखा निघाली व तीच पुढे मुख्य झाली. पंडितजींना इमारत हवी होती. भाड्याच्या जागेतील शाळा म्हणजे पाहुण्याच्या घरचा संसार. सँढर्स्ट रोडवर मोठी वास्तू उभी राहिली, वसतिगृह झाले, वाद्ये तयार करण्याचा कारखाना निघाला. पण वास्तू कर्जाची होती. पंडितजी गावोगाव जलसे करीत आणि मिळेल ते व्याजात जाई. गाणे विकून गाणे शिकवावयाचे, हा व्यवहार एका माणसाच्या गळ्यावर किती काळ तोलावा? 1924 च्या सुमारास इमारत धनकोंच्या हाती गेली. पंडितजींचे मन तत्पूर्वीच रामनामाकडे वळले होते. भगवी वस्त्रे धारण करून ते तुलसीरामायण गात व नाशकास त्यांनी रामनामाचा आश्रम केला. हिशेबाकडे थोडे अधिक लक्ष असते तर इमारत वाचली असती काय? असा प्रश्न आमच्या मनात येतो खरा, पण हिशेबी माणसाने लाहोरच्या त्या रिकाम्या वर्गात एक आठवडाही काढला नसता.

आता जे पुढे सांगतो म्हटले होते ते. पंडितजींनी दार उघडले; ते सर्वांस उघडले काय? आमची घरची बोली कोंकणी, आणि गोमंतकाशी आमचे नाते जुने. म्हणून हा प्रश्न आम्हांस टाळता येत नाही. गोव्याच्या देवळांतून कलावंत स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या गाणे व नाचणे जतन केले. संगीत घरंदाज व्हावे म्हणून पंडितजींनी शृंगाराच्या चिजांतील शब्द बदलून भक्तिपर शब्द घातले आणि गणिकांच्या बैठकीपासून गाणे दूर नेले. त्यामुळे घरोघरच्या लेकी-सुनांस गाता आले हे खरे. पण ज्यांनी ते गाणे कलंक सोसून जपले, त्यांस या नव्या मंदिरात आपले स्थान दिसले नाही, हेही तितकेच खरे. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई यांस विद्या मिळाली ती उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांपाशी, जुन्याच रीतीने. आणि नृत्य? त्यावर तर गाण्याहूनही मोठा ठपका होता. पंडितजी त्या उंबरठ्यापाशी थांबले. एका माणसाने एका आयुष्यात एक दार उघडावे हेही थोडे नाही, असे आमचे एक मन म्हणते. दुसरे मन त्या कलावंतिणींची आठवण काढते. दोन्ही मनांस आम्ही बोलू देतो.

संसारात पंडितजींस सुख अल्पच लाभले. अनेक अपत्ये बाळपणीच गेली. 1921 मध्ये झालेला दत्तात्रेय तेवढा जगला. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेस, जेथे डोळ्यांच्या उपचारासाठी येऊन ते गवई झाले होते तेथेच, पंडितजींनी देह ठेवला. दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. वडिलांच्या शिष्यांनी त्यास शिकविले आणि द. वि. पलुस्कर म्हणून तो अवघ्या हिंदुस्थानाचा लाडका गवई झाला. तोही 1955 मध्ये, चौतिसाव्या वर्षी गेला.

इमारत गेली होती, गुरु गेले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस शिष्य अहमदाबादेस जमले व त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. पुढील मे महिन्यात विनायकरावांनी पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. शाळेची वास्तू एक होती तेव्हा ती जप्त करता आली. आता ती गावोगावच्या ओसऱ्यांवर भरू लागली. 1947 च्या फाळणीनंतर लाहोर परदेश झाले, पण तेथे आखलेल्या इयत्ता व परीक्षा इकडे चालूच राहिल्या. कालांतराने मंडळाच्या परीक्षांत कथक, भरतनाट्यम्‌ इत्यादी नृत्यांचाही समावेश झाला, आणि पंडितजी जेथे थांबले होते तो उंबरठा त्यांच्याच नावाने चाललेल्या संस्थेने ओलांडला.

आमच्या गल्लीतील वर्गात यंदा नऊ जण प्रारंभिक परीक्षेस बसावयाचे आहेत. त्यांत एक आजी आहेत. अर्जावर जन्मतारीख लिहिताना त्या लाजल्या, आणि तो अधू पायाचा मुलगा त्यांची पढंत तयार करून घेत आहे.