सोन्याची पानं का मिटतात? व्हिक्टर हेस यांची गोष्ट

आठवीतला विद्युतदर्शीचा तास आपल्या वर्गातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. काचेची बरणी, वर तांब्याची चकती, आत सोन्याची दोन पातळ पानं. सरांनी एबोनाइटची दांडी लोकरीवर घासून चकतीला लावली, पानं फाकली आणि सगळ्यांनी बघून होण्याआधीच मिटली. तीनदा हेच झालं. तिसऱ्यांदा मी उठून सांगितलं, की माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने चकतीला बोट लावलं. तिने लावलं नव्हतं. तिला उरलेला तास दारापाशी उभं राहावं लागलं. पुढच्या आठवड्यात सरांनीच सांगितलं, की पावसाळ्यात हवा दमट असते, म्हणून प्रभार निघून जातो. माफी मागायचं मात्र राहून गेलं.

स्मरणिकेसाठी एखाद्या शास्त्रज्ञाविषयी लिही, असा निरोप आला तेव्हा मी व्हिक्टर हेस निवडले, ते या पानांमुळे. कारण हवा कोरडी केली, बरणी घट्ट बंद केली, तरीही पानं मिटतातच. फार सावकाश, पण मिटतात. म्हणजे बंद बरणीतल्या हवेतही सतत आयन तयार होत असतात. ते कोण करतं, हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठा प्रश्न होता.

हेस यांचा जन्म २४ जून १८८३ चा, ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतातला. वडील एका सरदार घराण्याच्या जंगलांची देखरेख करत. ग्राझला डॉक्टरेट झाल्यावर बर्लिनला पाउल ड्रूड यांच्याकडे प्रकाशशास्त्र शिकायचं ठरलं होतं, पण ते जाण्याच्या थोडंच आधी ड्रूड यांनी आत्महत्या केली. हेस व्हिएन्नाला गेले आणि १९१० मध्ये तिथल्या नव्या रेडियम संस्थेत साहाय्यक झाले. प्रकाश राहिला, किरणोत्सर्ग हाती आला.

तेव्हाचा समज असा, की बरणीतले आयन जमिनीतल्या किरणोत्सर्गी द्रव्यांमुळे होतात. तसं असेल तर वर जाऊ तसा परिणाम कमी व्हायला हवा. टेओडोर वुल्फ नावाच्या जेसुइट शिक्षकांनी १९१० मध्ये स्वतः बनवलेलं उपकरण आयफेल टॉवरवर नेलं. परिणाम कमी झाला, पण अपेक्षेएवढा नाही. (आपल्या शिक्षकांना हे वाचून बरं वाटेल.) हेस यांनी ठरवलं, की आपण आणखी वर जायचं.

१९११ ते १९१३ मध्ये त्यांनी बलूनमधून दहा उड्डाणं केली. रात्रीही केली, कारण सूर्य दोषी असेल तर रात्री फरक दिसेल. १७ एप्रिल १९१२ ला सूर्यग्रहण चालू असताना ते हवेत होते. सूर्य झाकला जात असतानाही उपकरणावरचे आकडे उतरले नाहीत. सूर्य सुटला. पण व्हिएन्नाहून दिव्याच्या गॅसवर उडणारी बलून फार उंच जात नसत, म्हणून ७ ऑगस्ट १९१२ च्या उड्डाणासाठी बोहेमियातल्या आउसिगहून हायड्रोजनचं बलून घेतलं. आत तिघे जण आणि वुल्फ पद्धतीची तीन उपकरणं. सकाळी सहाच्या सुमारास निघाले, ५३५० मीटरपर्यंत चढले आणि दुपारी बर्लिनजवळ उतरले. पहिल्या हजारेक मीटरांत आयन थोडे घटले, मग वाढू लागले, आणि पाच किलोमीटरवर जमिनीवरच्या दुप्पट किंवा त्याहून थोडे जास्त झाले. विरळ हवेत, थंडीत, उघड्या टोपलीत बसून हे आकडे हाताने नोंदवायचे होते. मला या सगळ्यात सर्वांत जास्त कौतुक तीन उपकरणांचं वाटतं. एक बिघडलं तर दुसरं आहे, दोन भांडली तर तिसरं आहे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हीच युक्ती नवी म्हणून विकतो.

निष्कर्ष असा, की काहीतरी वरून येतं. १९२५ मध्ये मिलिकन यांनी त्याला विश्वकिरण म्हटलं. ते गॅमा किरणच आहेत, अशी त्यांची खात्री होती. ती चुकीची ठरली, कारण पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना वळवतं. म्हणजे ते विद्युतभारित कण आहेत.

हेस यांना १९३६ चं नोबेल कार्ल अँडरसन यांच्याबरोबर विभागून मिळालं. रेडियम हाताळून भाजल्याने अंगठा त्याआधीच कापावा लागला होता. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा हेस कॅथलिक आणि पत्नी ज्यू वंशाची, म्हणून ग्राझमधली नोकरी गेली. दोघे स्वित्झर्लंडमार्गे न्यूयॉर्कला पोचले आणि हेस फोर्डम विद्यापीठात शिकवू लागले. १७ डिसेंबर १९६४ ला ते वारले.

भारित कण वाटेत वळत असल्याने ते कुठून आले, हे त्यांच्या दिशेवरून सांगता येत नाही. पण ते वायूवर किंवा प्रकाशावर आदळले की पायॉन नावाचे कण होतात. त्यातल्या उदासीन पायॉनपासून गॅमा किरण मिळतात, भारित पायॉनपासून न्यूट्रिनो. दोन्ही सरळ येतात. म्हणून आकाशभर पसरलेला गॅमाचा मंद उजेड म्हणजे एक हिशेबाची वही आहे. विश्वात कुठेही कण आदळले, तर त्याची नोंद तिथे पडलीच पाहिजे. फार तापट गॅमा वाटेतल्या ताऱ्यांच्या प्रकाशात जिरतात, पण त्यांची ऊर्जा हरवत नाही, कमी ऊर्जेचे गॅमा होऊन ती त्याच वहीत येते. १९६१ च्या एक्सप्लोरर ११ उपग्रहाला जेमतेम २२ गॅमा सापडले होते. २००८ मध्ये सोडलेल्या फर्मी दुर्बिणीने ती वही नीट भरली.

मग २०१३ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूबने, एक घन किलोमीटर बर्फात, अवकाशातून आलेले असावेत असे २८ न्यूट्रिनो जाहीर केले. हिशेब जुळवायला घेतला तर घोटाळा. एवढे न्यूट्रिनो, तर त्यांच्या जोडीचे गॅमा फर्मीच्या वहीत मावायला हवेत, पण तिथली बरीचशी जागा ब्लेझर नावाच्या दीर्घिकांनी आधीच घेतलेली. सर्वांत सरळ उत्तर असं, की काही उगमस्थानं इतकी दाट आहेत, की गॅमा आतच अडकतात आणि न्यूट्रिनो तेवढे निसटतात. २०२२ मध्ये एनजीसी १०६८ या दीर्घिकेकडून न्यूट्रिनो येत असल्याचा पुरावा मिळाला, आणि तिथे जोडीचे तापट गॅमा खरोखरच दिसत नाहीत.

आपल्या बरणीतली पानं हेस यांच्या किरणांमुळे मिटली नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगते. ती दमट हवेनेच मिटली. पण आळ मात्र मी दिसेल त्याच्यावर घेतला, ग्रहणाची वाट न पाहता.

माझ्या बाकावरच्या मैत्रिणी, तू संमेलनाला येणार आहेस, असं यादीत वाचलं. मी शिपाईमामांना विचारून प्रयोगशाळेचं कपाट उघडून घेणार आहे. बरणी अजून असेल तर दांडी या वेळी तू धर. चकतीपासून लांब मी उभी राहीन, दारापाशी.