मराठीचा इंग्रज ओवीकार

शाळेत असताना आम्हाला मराठीची थोरवी गाणाऱ्या काही ओव्या पाठ होत्या. फुले, पक्षी, रत्ने यांत जे जे श्रेष्ठ, तसे भाषांमध्ये मराठीचे स्थान, असा त्यांचा भाव. कवी वारकरी असावा, अशी माझी समजूत. तो इंग्रज पाद्री होता हे बाईंनी सांगितले, तेव्हा सगळा वर्ग हसला. ते कुतूहल मात्र माझ्या मनातून गेले नाही.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशायरचा. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिकांना धर्म उघडपणे पाळणे अवघड झाले होते. त्यांचा मित्र थॉमस पाउंड तुरुंगात पडला. स्टीफन्स एकटेच रोमला गेले, १५७५मध्ये जेझुइट झाले आणि १५७९च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरले. पुढची चाळीस वर्षे, १६१९मध्ये डोळे मिटेपर्यंत, ते इथलेच होऊन राहिले.

पण ते आले तो गोवा शांत नव्हता. साष्टीतली देवळे १५६७मध्ये पाडली गेली होती, धर्मग्रंथांवर बंदी आली होती. १५८३मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यांचे मृतदेह परत मिळवण्याचे काम स्टीफन्स यांच्यावर आले. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि मारले. दोन्हीकडचे रक्त त्या मातीत मिसळले.

नव्या ख्रिस्ती घरांमधून जुनी पुराणे गेली, त्यांच्या जागी काही आले नाही. आमची पुराणे बंद केलीत, मग दुसरी का देत नाही, असे एका ब्राह्मणाने विचारल्याचा प्रसंग स्टीफन्स यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात घातला आहे. ‘क्रिस्तपुराण’ हे त्याचे उत्तर. सुमारे अकरा हजार ओव्या आणि दोन भाग: पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. त्यांचा स्वर्ग म्हणजे वैकुंठच! देवनागरीचे खिळे पाडावेत म्हणून त्यांनी १६०८मध्ये वरिष्ठांना पत्र लिहिले, पण ते जमले नाही. १६१६मध्ये ग्रंथ राशोलला छापला गेला तो रोमन लिपीत. कोकणीतली त्यांची ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी १६२२मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४०मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले.

मला राहून राहून एक प्रश्न पडतो. ज्या सत्तेने लोकांचे ग्रंथ हिरावले, तिच्याच छत्राखाली राहणाऱ्या माणसाचे भाषाप्रेम खरे मानायचे का? त्या सत्तेला जाहीर विरोध त्यांनी केला नाही, हे विसरून चालणार नाही. पण धर्म शिकवण्यापुरती भाषा हवी असती, तर प्रश्नोत्तरीवर भागले असते. अकरा हजार ओव्या नुसत्या कामापुरत्या होत नाहीत.

१६८४मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक बोली सोडून पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम काढला. पुराण मात्र तग धरून राहिले. पहिल्या छापाची एकही प्रत आज सापडत नाही. घराघरांत जपलेल्या हस्तलिखितांनी ते वाचवले. त्यांवरूनच १९०७मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले.

२०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दिवशी मला शाळेतल्या ओव्या आठवल्या आणि ती हस्तलिखिते जपणारी, नाव मागे न ठेवलेली माणसेही. निवाडा बहुधा त्यांनीच करून ठेवला आहे. जे आपले वाटले, ते त्यांनी टाकले नाही.