डॉ. सुशीला नायर : दिल्ली ते सेवाग्राम

दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात शिकलेल्या सुशीलाबाईंना आपण गांधीजींच्या डॉक्टर म्हणून ओळखता. पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील बंदिवासात १९४२ साली महादेवभाई देसाई व १९४४ साली कस्तुरबा गेल्या, तेव्हा त्यांची विद्या अपुरी पडली. १९५२ मध्ये त्या दिल्ली राज्याच्या आरोग्यमंत्री झाल्या, पुढे विधानसभेच्या अध्यक्षा; पण १९५६ साली ती विधानसभाच संपुष्टात आली! १९६२ ते १९६७ त्या केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. आमच्या मते त्यांची खरी कारकीर्द मंत्रिपद गेल्यावरची. वर्ध्याजवळ सेवाग्रामी, कस्तुरबांच्या नावाच्या रुग्णालयाला जोडून, १९६९ साली त्यांनी वैद्यकीय महाविद्यालय उभारले. तेथील विद्यार्थ्यांना आरंभीच खेड्यात शिबिरासाठी राहावे लागते. ३ जानेवारी २००१ रोजी सेवाग्रामीच त्यांचा देहान्त झाला.