सात फूट रुंदीचा संसार

सातव्या सेममध्ये कॅम्पसमधून मिळालेली माझी ऑफर एका सकाळी दोन ओळींच्या मेलने परत गेली. तोपर्यंत घरी पेढे वाटून झाले होते. हॉस्टेलवर भेटेल तो तेच विचारायचा, म्हणून मी मेसची वेळ चुकवू लागलो आणि उरलेला वेळ लायब्ररीच्या मागच्या रॅकपाशी काढू लागलो. त्या रॅकवर परीक्षेच्या कामाची पुस्तकं नसतात, त्यामुळे गर्दीही नसते. तिथेच ब्रुनेल या थोर इंजिनिअरचं एक जुनं इंग्रजी चरित्र हाती लागलं. पूल, बोगदे, आगबोटी बांधणारा माणूस. पण मी अडकलो तो चरित्र लिहिणाऱ्यापाशी. एल. टी. सी. रोल्ट. हा स्वतः कारखान्यात उमेदवारी केलेला मेकॅनिकलवाला, आणि ज्या कारखान्यात शिकला तो कारखानाच त्याच्या विसाव्या वर्षी बंद पडला! एवढं वाचलं आणि ब्रुनेलला रॅकवर ठेवून मी रोल्टच्या मागे लागलो.

लायोनेल थॉमस कॅसवॉल रोल्ट, घरचा टॉम. जन्म ११ फेब्रुवारी १९१०, इंग्लंडमधल्या चेस्टरचा. वडील फिरस्ते. ऑस्ट्रेलियात गुरांच्या कुरणावर, हिंदुस्तानात मळ्यावर आणि १८९८ मध्ये युकॉनला सोनं शोधायलाही जाऊन आलेले. सोनं काही मिळालं नाही. उलट १९२० मध्ये एका बुडालेल्या कंपनीत बरीचशी पुंजी गेली आणि कुटुंब ग्लॉस्टरशरमधल्या स्टॅन्ली पाँटलार्ज नावाच्या खेड्यात राहायला आलं. टॉम सोळाव्या वर्षी वाफेच्या यंत्रांवर काम शिकायला लागला. मग स्टोक-ऑन-ट्रेंट इथल्या केर स्टुअर्ट या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात उमेदवार म्हणून चिकटला. नात्यातले किर्ल विलन्स तिथे मोठ्या हुद्द्यावर इंजिनिअर होते. १९३० मध्ये कारखान्याचं दिवाळं निघालं. हातात कसब होतं, काम नव्हतं.

आता या विलन्सना एक नाद होता. त्यांनी 'क्रेसी' नावाची लाकडी मालबोट विकत घेतली होती. कालव्यावरची, पूर्वी घोडा ओढायचा ती. तिच्यात त्यांनी वाफेचं इंजिन बसवलं. पण बोगद्यात शिरलं की धूर आणि वाफ इतकी कोंडायची की सुकाणू धरणाऱ्याला समोरचं काही दिसेना. मग ते काढून फोर्ड मॉडेल टी गाडीचं इंजिन टाकलं. आपण मिनी प्रोजेक्टला जे जुगाड करतो त्याच जातीतला हा प्रकार. टॉमची आणि कालव्याची ओळख झाली ती या बोटीवर.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उसाला पाणी देणारा पाट येतो. इंग्लंडमधले हे कालवे पाण्यासाठी नव्हते, ते रस्ते होते. रेल्वेच्या आधी, १७६० च्या सुमारापासून खणलेले. दगडी कोळसा, चिनी मातीची भांडी, धान्य, लोखंड सगळं यावरून जायचं. खडीच्या रस्त्यावर एक घोडा टन-दोन टन ओढेल, पण तोच घोडा काठावरच्या वाटेने चालत पाण्यातला २५ टन माल शांतपणे ओढतो. चढउतार आला की लॉक, म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेला हौद. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं आणि पलीकडे निघायचं. जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरने मध्य इंग्लंडच्या कालव्यांवर लॉकची रुंदी साधारण ७ फूट आणि लांबी ७० फुटांच्या थोडी वर ठेवली. पाणी वाचलं, खर्च वाचला. पण त्यानंतर दोनशे वर्षं तिथली प्रत्येक बोट ७ फूट बाय ७० फूटच राहिली. मोठ्या लॉऱ्या आल्या, रेल्वेच्या वाघिणी मोठ्या झाल्या, कालव्यावरची बोट मात्र वाढू शकली नाही. एका डायमेन्शनचा निर्णय किती लांब जातो, याचं याहून चांगलं उदाहरण मला डिझाइनच्या पुस्तकात सापडलेलं नाही.

कारखाना गेल्यावर टॉमने भागीदारीत मोटारींचं गॅरेज काढलं. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा क्लब १९३४ मध्ये उभा राहिला, त्यातही तो होता. पण मन त्या बोटीत अडकलेलं. शेवटी त्याने विलन्सकडून 'क्रेसी' विकत घेतली आणि बॅनबरी गावच्या टूली यांच्या यार्डात तिचं घर करायला घेतलं. बंक, पुस्तकांची कपाटं, स्टोव्ह आणि चक्क आंघोळीचा टब! जुलै १९३९ मध्ये वडिलांचा कडक विरोध असलेल्या अँजेलाशी त्याने पळून जाऊन लग्न केलं. २७ जुलैला दोघं ऑक्सफर्ड कालव्यावरून निघाली. पाचेक आठवड्यांत दुसरं महायुद्ध सुरू झालं. टॉमने क्रू इथे रोल्स-रॉइसच्या कारखान्यात विमानांच्या मर्लिन इंजिनांवर काम केलं, नंतर सरकारी खात्यात. १९४१ पासून पाच वर्षं बोट टार्डबिग इथे बांधून ठेवलेली होती. ओळीने ३० लॉक चढून गेल्यावर लागतं ते ठिकाण.

या सगळ्या प्रवासात त्याला भेटली कालव्यावर पोट असलेली माणसं. टॉमने स्वतः कधी माल वाहिला नाही. पण माल वाहणाऱ्यांचं जगणं त्याने जवळून पाहिलं. त्यातही त्याला आदर होता तो 'नंबर वन' लोकांचा. बहुतेक नावाडी मोठ्या कंपन्यांच्या बोटी चालवायचे. नंबर वन म्हणजे बोट स्वतःची, घोडा किंवा खेचर स्वतःचं आणि धंदाही स्वतःचा. वॉरिकशरच्या खाणींतला कोळसा भरायचा आणि ऑक्सफर्ड कालव्याने खाली बॅनबरी, ऑक्सफर्डकडे न्यायचा, हे त्यांचं मुख्य काम.

त्यांचा हिशोब बघा. भाडं टनावर. बोट चालली तर पैसे. खाणीवर नंबर लागायला चार दिवस गेले, कालवा गोठला, लॉक दुरुस्तीला बंद पडलं, तर कमाई शून्य आणि घोड्याचा दाणावैरण चालूच. परतीला माल मिळाला नाही तर रिकामं यायचं. मिळालेल्या भाड्यातून कालवा कंपनीचा टोल द्यायचा, बोट अधूनमधून यार्डात चढवून फटी बुजवून डांबर फासायचं, दोर बदलायचा. उरलं ते घरचं. नोकरीतला पगार नाही, पण वरती साहेबही नाही.

टोल कसा मोजायचे, हे आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या सरांना आवडेल. बोट नवी असताना तिच्यात वजनं चढवत जायची आणि प्रत्येक टप्प्याला तिची कड पाण्यापासून किती वर आहे ते मोजून तक्ता करायचा. पुढे टोलनाक्यावरचा कारकून फक्त एक मोजकाठी घेऊन यायचा, ठराविक जागी कड किती उघडी आहे ते बघायचा, सरासरी काढायचा आणि तक्त्यातून टन वाचायचा. वजनकाटा नाही की काही नाही. आर्किमिडीजवर चाललेली करवसुली!

आणि राहायचं कुठे? बोटीच्या मागच्या टोकाला जेमतेम १० फूट लांब आणि ७ फुटांहूनही अरुंद अशी केबिन. त्यात नवरा, बायको, मुलं. दारातून आत गेलं की कोळशाची शेगडी, कपाटाचं दार खाली पाडलं की जेवायचं टेबल, दुसरं दार पाडलं की आडवा पलंग. केबिन एक फूट वाढवली तर मालाची जागा एक फूट कमी होते, म्हणून वाढवायची नाही. पण दारांवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले, टपावर पाण्याचा रंगीत डबा, आत चकचकीत पितळ. रेल्वेशी स्पर्धेत भाडी पडली तेव्हा मजूर ठेवणं परवडेना, म्हणून कितीतरी घरं जमिनीवरची जागा सोडून बोटीवर आली होती. बायको सुकाणूवर, पोरगं घोड्याबरोबर किंवा लॉकच्या दारापाशी. मुलांना शाळा नाही, बरेच जण अक्षरशत्रू. हे वाचल्यापासून तीन जणांत एक खोली म्हणून रेक्टरकडे तक्रार करताना माझा आवाज जरा खालीच असतो.

टॉमने हे सगळं लिहून काढलं. काही प्रकाशकांनी परत पाठवलं, हस्तलिखित पडून राहिलं. अखेर डिसेंबर १९४४ मध्ये 'नॅरो बोट' हे पुस्तक आलं आणि युद्धाने दमलेल्या लोकांनी ते उचलून धरलं. पत्रांचा पाऊस पडला. त्यातलं एक पत्र रॉबर्ट एकमन या लेखकाचं. एकमन टार्डबिगला येऊन भेटले आणि १९४६ मध्ये कालवे वाचवण्यासाठी संघटना उभी राहिली. एकमन अध्यक्ष, चार्ल्स हॅडफिल्ड उपाध्यक्ष, रोल्ट सचिव.

सचिवाने काय केलं? स्ट्रॅटफर्ड कालवा एका रेल्वे कंपनीच्या मालकीचा होता. तिने लिफर्ड लेन इथे उघडणाऱ्या पुलाच्या जागी ठेंगणा लोखंडी पूल घालून वाट बंद केली होती. पण कायद्याने वहिवाटीचा हक्क शाबूत होता आणि आगाऊ कळवल्यास पूल उचलून देऊ असं कंपनीने कबूल केलं होतं. टॉमने रीतसर नोटीस दिली आणि १९४७ मध्ये 'क्रेसी' घेऊन गाळातून, पाणवनस्पतींतून वाट काढत तिथे हजर झाला. बघ्यांच्या गर्दीत कामगारांना जॅक लावून पूल उचलावा लागला. मोर्चा नाही, घोषणा नाही. नियम वाचला आणि बोट नेली.

पण खरी अडचण पुढे आली, आणि माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. एकमन यांचं म्हणणं, प्रत्येक कालवा वाचला पाहिजे, त्यासाठी सहलीच्या बोटींना आणा, उत्सव करा, लोक जमवा. टॉमचं म्हणणं, ज्यावर धंदा चालू शकेल ते कालवे आधी वाचवा, कारण नावाड्याचं पोट गेलं तर उरेल ते नुसतं पाणी. १ जानेवारी १९४८ ला बहुतेक कालवे सरकारी झाले, तरी मालाची घसरण थांबली नाही. संघटनेतला वाद वाढला आणि १९५१ च्या सुरुवातीला रोल्टसह काही सभासदांना काढून टाकण्यात आलं. ज्याच्या पुस्तकातून संघटना जन्मली, तोच बाहेर. त्याच वर्षी अँजेलाही वेगळी झाली आणि सर्कशीत गेली. 'क्रेसी'चं लाकूडही थकलं होतं. बोट, बायको, संघटना तिन्ही एका वर्षात गेली.

तेव्हा टॉम ४१ वर्षांचा होता. वेल्समध्ये टॅलिलिन नावाची छोटी रेल्वे बंद पडायच्या बेतात होती. १९५० मध्ये बर्मिंगहॅमला सभा घेऊन त्याने मंडळी जमवली होती. १९५१ पासून स्वयंसेवकांनी ती गाडी चालवायला घेतली. अशा प्रकारे वाचलेली जगातली पहिली रेल्वे ती, आणि पहिली दोन वर्षं व्यवस्थापक टॉमच. नंतर त्याने ब्रुनेल, टेलफर्ड, स्टीफन्सन पितापुत्र यांची चरित्रं लिहिली, रेल्वे अपघातांवर पुस्तक लिहिलं. संसार पुन्हा थाटला तो सोनियाशी. ही मूळची नटी. युद्धकाळात पुरुष कमी पडले म्हणून बायकांना मालबोटींवर शिकवून घेतलं, त्यांत ती होती. लंडनहून बर्मिंगहॅमला लोखंड न्यायचं आणि परत येताना कॉव्हेंट्रीजवळून कोळसा भरायचा, असं ते काम. टॉमने जे काठावरून पाहिलं ते तिने हाताला घट्टे पडेपर्यंत केलेलं. पहिलं लग्नही तिने एका नावाड्याशी केलं होतं आणि नावाड्यांच्या हक्कांसाठी ती भांडायची. टॉम आणि सोनियाला दोन मुलगे झाले. ९ मे १९७४ ला टॉम स्टॅन्ली पाँटलार्जमध्येच वारला.

वादात जिंकलं कोण? १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठले, गिऱ्हाइकं रस्त्याकडे गेली ती परत आली नाहीत. ऑक्सफर्ड कालव्यावरचा खेचर लावणारा शेवटचा नंबर वन, जो स्किनर, १९५९ मध्ये थांबला. त्याची 'फ्रेंडशिप' बोट आता एल्समिअर पोर्टच्या संग्रहालयात आहे. लंडनजवळच्या जॅम कारखान्याला कोळसा नेणारी लांब पल्ल्याची शेवटची नियमित फेरी १९७० मध्ये संपली. टॉमला ज्यांना वाचवायचं होतं ते वाचले नाहीत. पण कालवे वाचले, आणि ते सहलीच्या बोटींमुळे. आज तिथे हजारो लोक बोटींवर राहतात, आणि त्यांना कोळसा, डिझेल, गॅस सिलिंडर विकत फिरणाऱ्या मालबोटीही आहेत. त्यासाठी व्यापाराचा परवाना घ्यावा लागतो. बोट स्वतःची, धंदा स्वतःचा. म्हणजे एकमन यांनी आणलेल्या गिऱ्हाइकांवर टॉमचे थोडे नंबर वन पुन्हा जगतायत. दोघांना हे बघायला मिळायला हवं होतं.

माझ्या नोकरीचं अजून काही ठरलेलं नाही. टॉमची गोष्ट वाचून ते ठरणारही नाही. पण कारखाना बुडाला तेव्हा त्याच्याकडे काय उरलं होतं, याचा मी विचार करतो. इंजिन उघडून परत जोडता येणारे हात आणि माणसांकडे नीट बघायची सवय, एवढंच. त्यावर त्याने गॅरेज चालवलं, बोट सजवली, रेल्वे वाचवली, पुस्तकं लिहिली. यातलं कुठलंही काम त्याला कुणी ऑफर लेटर पाठवून दिलं नव्हतं. मी आता मेसला वेळेवर जातो. ब्रुनेलही पुन्हा इश्यू करून आणलाय, बाराव्या पानावर आहे. कुणाला हवा असेल तर पंधरा तारखेनंतर या.