विश्लेषण : जुनी व्हॅन तापते का? उत्तर १९०० सालच्या एका जाळीत

जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. मोसंबीचे कॅरेट भरलेली जुनी मॅटाडोर चढाला लागली की तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकतो आणि चालक पाण्याचा कॅन शोधू लागतो. सव्वाशे वर्षांपूर्वी हे प्रत्येक मोटारीचे रोजचे दुखणे होते. त्यावर इलाज केला विल्हेल्म मायबाख यांनी.

कोण होते मायबाख?

९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतील हाइलब्रॉनला सुताराच्या घरी जन्म. दहाव्या वर्षापर्यंत आई-वडील दोघेही गेले. रॉयटलिंगेनच्या धर्मादाय संस्थेने सांभाळले; तिथल्याच कारखान्यात पोरगा यंत्रांचे आराखडे काढायला शिकला. कारखान्याचे प्रमुख म्हणून आलेल्या गॉटलिब डाइमलर यांनी त्याला हेरले. ही जोडी १९०० मध्ये डाइमलर यांच्या मृत्यूनेच तुटली.

अडचण काय होती?

पेट्रोल जळून निघणारी बरीचशी उष्णता चाकांपर्यंत पोहोचतच नाही, ती इंजिन तापवते. सुरुवातीच्या मोटारींत पाणी उकळून उडून जाई आणि वाटेत पुन्हा भरावे लागे. इंजिनची ताकद वाढवली की पाणीही वाढवा, म्हणजे वजन वाढवा.

मायबाख यांनी पाण्याऐवजी पृष्ठभाग वाढवला. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी त्यांनी ६ मिमी बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या जोडून मधाच्या पोळ्यासारखी जाळी बनवली. नळ्यांतून हवा, मधल्या फटींतून पाणी, मागे पंखा. पाणी लागले अवघे ९ लिटर! मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत गाडी गाजली. नाव मात्र तिला एमिल येलिनेक या ग्राहकाच्या मुलीचे मिळाले.

डाइमलर यांच्यानंतर कंपनीत मायबाख बाजूला पडत गेले. १९०७ मध्ये, साठी उलटल्यावर, त्यांनी कंपनी सोडली. पण ते घरी बसले नाहीत. १९०९ पासून मुलगा कार्ल याच्यासोबत झेपेलिन हवाई जहाजांच्या इंजिनांचा कारखाना उभा केला. २९ डिसेंबर १९२९ रोजी त्यांचे निधन झाले. कान्श्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइमलर आहेत, तिथेच तेही आहेत.

आजच्या व्हॅनशी संबंध काय?

पुण्याजवळ आकुर्डीत बनलेल्या मॅटाडोरला पुढे डाइमलर-बेंझच्या परवान्यावरचे डिझेल इंजिन बसले. आता रेडिएटरची रचना उलटी असते : चपट्या नळ्यांतून पाणी आणि बाहेरच्या पातळ पत्र्यांमधून हवा. दुबळी बाजू मात्र तीच आहे. वाट अरुंद, त्यामुळे ती लवकर तुंबते. बोअरचे क्षारयुक्त पाणी ओतत राहिले की नळ्या आतून धरतात. बाहेरून धूळ आणि जिनिंगच्या रस्त्यावरचा कापूस बसतो. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळावे, जाळी पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी. जोराच्या धारेने पत्रे वाकतात.

बदलायची वेळ आलीच तर तांबे-पितळेचा रेडिएटर महाग आणि जड, पण गावातल्या कारागिराकडे डाग देऊन चालवता येतो. ॲल्युमिनियमचा हलका, त्याची प्लॅस्टिकची टाकी तडकली की डाग देता येत नाही. स्वस्तात मिळतो म्हणून मूळच्यापेक्षा कमी नळ्यांचा घेऊ नये, भर उन्हात भरलेली गाडी त्याची परीक्षा घेतेच. झाकणही कंपनीने सांगितलेल्या दाबाचेच हवे. दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. म्हणूनच गाडी तापलेली असताना झाकण उघडले की ते एकदम उसळून हात-तोंड भाजते.