राजर्षी शाहू आणि वसतिगृहांची चळवळ

वाचकहो, आपण कधी कोल्हापूरला गेलात तर दसरा चौकात थोडा वेळ अवश्य थांबा. चौकात राजर्षी शाहू छत्रपतींचा पुतळा आहे आणि त्याच चौकात मुस्लिम बोर्डिंगची इमारत आहे. आसपास इतर समाजांचीही वसतिगृहे आहेत. एका संस्थानिकाचे स्मारक विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या जागांनी वेढलेले असावे, हे दृश्य आपल्या देशात विरळाच. त्यामागे एका राजाची दूरदृष्टी आहे आणि अनेक समाजांनी स्वतः उचललेला भारही आहे.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट व धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. पुढे लवकरच दुष्काळ आला, पाठोपाठ प्लेगची साथ आली. तरुण राजाने खेडोपाडी फिरून प्रजेची स्थिती डोळ्यांनी पाहिली. दरबारातील अधिकाराच्या जागा जवळजवळ एकाच वर्गाच्या हाती आहेत, आणि शेतकरी, कारागीर, मुसलमान व अस्पृश्य समाज शिक्षणापासून दूर आहेत, हे त्यांना कळून चुकले.

पण केवळ शाळा काढून हा प्रश्न सुटणारा नव्हता. गावच्या शाळेत चार इयत्ता शिकलेला हुशार मुलगा पुढच्या शिक्षणासाठी शहरात यायचा कोठे? त्याला खोली कोण देणार, दोन वेळची भाकरी कोण घालणार? मुलगा गळत होता तो नेमका याच पायरीवर. एकदा तो औताला किंवा बापाच्या धंद्याला लागला, की मागाहून कितीही मदत केली तरी ती वाया जाणार. म्हणून मदत त्या पायरीवरच पोहोचली पाहिजे, हे महाराजांनी ओळखले.

प्रथम १८९६ साली त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. दार सर्वांना उघडे होते. परंतु प्रत्यक्षात त्याचा लाभ पुढारलेल्या वर्गाच्या मुलांनाच झाला. हा अनुभव गाठीशी बांधून महाराजांनी वाट बदलली. प्रत्येक समाजातील जाणत्या मंडळींनी पुढे यावे, स्वतःची संस्था स्थापावी, आपल्या मुलांची जबाबदारी घ्यावी. दरबार त्यांच्या पाठीशी उभा राहील, असे धोरण त्यांनी धरले. १९०१ साली मराठा व जैन समाजांची वसतिगृहे सुरू झाली. पुढे लिंगायत, शिंपी, सारस्वत अशा अनेक समाजांनी तोच मार्ग धरला. कोणाला जागा मिळाली, कोणाला इमारतीसाठी पैसा, कोणाला वार्षिक अनुदान. कोल्हापूरला लोक वसतिगृहांची जननी म्हणू लागले, ते उगाच नव्हे.

आपल्याला विशेष जिव्हाळ्याची गोष्ट १९०६ सालची. मराठा वसतिगृहात काही मुसलमान विद्यार्थ्यांची सोय महाराजांनी आधीच करून दिली होती. पण एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. शहरातील प्रमुख मुसलमान नागरिकांना त्यांनी एकत्र बोलावले आणि मोहमेडन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली. तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले. वसतिगृहासाठी जागा दिली, पैसा दिला, बांधकामाला लाकूड दिले. कारभार मात्र समाजाच्या मंडळींनी पाहायचा होता. कोणत्या घरातील मुलगा खरोखर गरजू आहे, कोणाची फी थकली आहे, कोणाच्या बापाची समजूत घालावी लागेल, हे दरबारातल्या कारकुनापेक्षा मोहल्ल्यातील वडीलधाऱ्यांनाच अधिक ठाऊक असणार.

मात्र सर्व समाजांची ऐपत सारखी नव्हती. अस्पृश्य समाजाजवळ ना पैसा होता ना जागा. १९०८ साली त्यांच्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, तेव्हा दरबारानेच पुढाकार घेतला. स्वावलंबनाचा उपदेश रिकाम्या हातांना करून भागत नाही, हे भान महाराजांनी सोडले नाही. १९०२ साली त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या होत्या. त्या जागांवर बसणारी शिकलेली मुले याच वसतिगृहांतून तयार व्हायची होती. पुढे १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा हुकूम निघाला.

या योजनेवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. जातवार वसतिगृहांमुळे जातीच्या भिंती अधिक पक्क्या होणार नाहीत काय? महाराजांना जातिभेद मुळीच मान्य नव्हता. त्यांनी आपल्या आचरणातून तो मोडला. तरीही भिंती होत्याच. भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहून शिकत होते. तेथील शिवाशिवीचे नियम न पाळल्यामुळे त्यांना ते वसतिगृह सोडावे लागले. पण याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात असे वसतिगृह काढले, की जेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत. त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचेच नाव देण्यात आले. महाराजांनी घातलेल्या पायावर पुढच्या पिढीने वरचा मजला चढवला, असेच म्हणावे लागेल.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. वय अवघे सत्तेचाळीस वर्षांचे.

वाचकहो, आज शाळा पुष्कळ आहेत, सरकारी योजनाही आहेत. तरीही आपल्या गल्लीत, आपल्या मोहल्ल्यात सातवी-आठवीनंतर पुस्तके बाजूला ठेवणारी मुले-मुली आढळतात. त्यांची नावे आपल्याला ठाऊक असतात, अडचणही ठाऊक असते. कोणाला राहायला जागा नाही, कोणाला एसटीचे भाडे नाही, कोणाला घरी अभ्यासाला कोपरा नाही. वर्ष फुकट जाण्याआधी चारजणांनी एकत्र बसून त्या घरी जावे. काम सुरू झाले की सरकारकडे आणि धनिकांकडे मदत मागता येते. कोल्हापूरच्या त्या मंडळींनी १९०६ साली हेच केले.